गोधडी आणि प्लेग

आमची आजी दर आठवड्याला गाद्या-गोधड्या उन्हात टाकायची, उलटून-पालटून. ही सवय पणजीची. १८९७ च्या प्लेगात पुण्यात रँडचे गोरे सोजीर घरात शिरत आणि अंथरुणं-पांघरुणं बाहेर काढून जाळत. रँडचा खून मी वर्गात अनेकदा शिकवला, जळलेल्या गोधड्यांबद्दल मात्र कधी बोललो नाही.

पणजीने आपल्या आईच्या लुगड्यांची गोधडी माळ्यावर लपवली. पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं, की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. म्हणजे अंथरुणावरचा संशय अगदीच खोटा नव्हता! (जुलूम तो जुलूमच.) त्या गोधडीत पिसवा असत्या तर?

आजी तीच गोधडी सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवायची. आम्ही नातवंडं तिच्यातच झोपायचो.