मी मेलेलं समजून फेकलेलं बाशिंग : घरातल्या नेच्यांचा दोनशे वर्षांचा इतिहास

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले अडखळे तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून बसमध्ये बसला असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, तर आज एक काम करा. घरात कुंडीत फर्न असेल तर त्याचं एक पान उलटं करून बघा. मागे तपकिरी ठिपके दिसतायत का? दिसत असतील तर घाबरू नका, औषध फवारू नका. ती कीड नाही. ते काय आहे ते पुढे सांगतो. त्याआधी माझी एक चूक सांगतो, कारण आजचा विषय तिच्यातूनच निघालाय.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही चौघं मित्र ऑगस्टमध्ये रतनवाडीला गेलो होतो. नगरहून संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी, आणि मग भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालून अमृतेश्वराच्या देवळापाशी. धो धो पाऊस. जिकडे बघावं तिकडे हिरवंगार. देवळापासून थोडं पुढे एका हिरड्याच्या झाडावर, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, एक जबरदस्त फर्न चिकटलेला होता. लांब कातरलेली हिरवी पानं, आणि बुंध्याशी तपकिरी, कडक, शिंपल्यासारखी पानं. आम्ही तो उपटला. हो, उपटला. रेनकोटच्या पिशवीत घालून नगरला आणला.

वाटेत गावातल्या एका आजोबांनी पिशवीत डोकावून विचारलं, "बाशिंग कशाला नेताय, दादा? कुणाचं लग्न?" आम्ही हसलो. मला वाटलं, आजोबा चेष्टा करतायत.

घरी कुंडीत लाल माती, वर शेणखत, असं सगळं साग्रसंगीत केलं. दिवाळीपर्यंत ठीक होतं. मग एकेक पान पिवळं पडलं, गळलं. फेब्रुवारीत उरलं काय, तर केसाळ जाडजूड मूळकांड आणि ती तपकिरी पानं. आई म्हणाली, "मेलंय ते, टाक." मी टाकलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं, ते मेलेलं नव्हतं. झोपलेलं होतं.

नावात बरंच काही असतं

त्या फर्नचं शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया. आणि मराठीत त्याला खरंच बाशिंग म्हणतात, अश्वकात्री असंही म्हणतात. नवरदेवाच्या कपाळाला बांधतात तसं ते झाडाच्या अंगाला बांधल्यासारखं दिसतं. आजोबा चेष्टा करत नव्हते, सरळ नाव सांगत होते. आम्हालाच ऐकता आलं नाही.

बाशिंगाला दोन प्रकारची पानं असतात. लांब हिरवी पानं अन्न तयार करतात, आणि कोरड्या दिवसांत ती गळून जातात. बुडाशी असलेली तपकिरी पानं गळत नाहीत. त्यांच्या खोबणीत पालापाचोळा साठतो, कुजतो, आणि तेच त्याचं खत. म्हणजे हे झाड स्वतःची कुंडी स्वतःच तयार करतं. पावसाळा आला की मूळकांडाला परत कोंब फुटतात. मला ही एवढी माहिती असती, तर जूनपर्यंत थांबलो असतो. अर्थात, एवढी माहिती असती तर उपटलंच नसतं.

फर्नला आपल्या भाषेत शब्द आहे : नेचा. शाळेच्या पुस्तकात वाचला आणि विसरलात ना? नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. तरी त्याचं कूळ पस्तीस कोटी वर्षांहून जुनं. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याच्या थरांनी बनलाय, ते साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे कळसूबाई 'जन्मायच्या' कितीतरी आधी नेचे जगात होते.

मग बी नसताना ते वाढतात कसे? युरोपात लोकांना शतकानुशतकं वाटायचं की नेच्याला बी असणारच, फक्त ते अदृश्य असतं, आणि ज्याच्याकडे ते सापडेल तो माणूसही अदृश्य होतो! शेक्सपिअरच्या नाटकातही या समजुतीचा उल्लेख आहे. खरा उलगडा हळूहळू झाला. जमैकात काम करणारा जॉन लिंडसे नावाचा सर्जन. त्याने पानामागची तपकिरी भुकटी पेरून त्यातून नेचे उगवताना पाहिले आणि १७९४ मध्ये ते छापून आलं. त्या भुकटीला आपण बीजाणू म्हणतो. तर मंडळी, सुरुवातीला पानामागे पाहिलेले ठिपके म्हणजे बीजाणूंच्या डब्या. अनेक जण त्यांना रोग समजून पान कापून टाकतात.

बाटलीतला अपघात

आता गोष्ट घरात येते. लंडन, १८२९. नथॅनिएल वॉर्ड नावाचे डॉक्टर गोदीजवळच्या भागात राहायचे. नेच्यांचं वेड, पण कोळशाच्या धुरात बागेतले नेचे काही जगेनात. त्यांनी एका पतंगाचा कोष ओल्या मातीत ठेवून बाटली बंद करून ठेवली होती. पतंग बाहेर येतो कसा ते बघायचं होतं. तर काही दिवसांनी मातीत दोन कोंब दिसले : एक गवताचा, एक नेच्याचा. बाहेर मरणारा नेचा बंद बाटलीत मजेत वाढत होता! दिवसा पाण्याची वाफ व्हायची, काचेवर जमायची, परत मातीत उतरायची. पाणी न घालता तो नेचा जवळजवळ चार वर्षं जगला. शेवटी झाकण गंजलं आणि तो गेला.

वॉर्डनी मग काचेच्या बंद पेट्या बनवून घेतल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या रोपं भरून जहाजाने सिडनीला पाठवल्या. महिनोन् महिने समुद्र, ऊन, थंडी, आणि रोपं जिवंत पोचली. हा शोध किती मोठा होता बघा. १८४८ नंतर रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांपर्यंत आणली, ती याच पेट्यांतून. तुमच्या सकाळच्या चहाचा एक धागा त्या नेच्याच्या बाटलीला जुळतो.

पण त्याच पेटीने एक वेड पण पसरवलं. इंग्लंडमध्ये घराघरात दिवाणखान्यात काचेची पेटी आणि तिच्यात नेचे, ही फॅशन झाली. बशांवर नेचे, पडद्यांवर नेचे, लोखंडी बाकांवर नेचे. १८५५ मध्ये चार्ल्स किंग्जली या लेखकाने या वेडाला नाव दिलं, टेरिडोमेनिया. म्हणजे सरळ, 'नेचेवेड'. लोक सुट्टीत डोंगरात जायचे, टोपल्या भरभरून नेचे उपटायचे. विकणारे तर गाडीने आणायचे. आयर्लंडमधला किलार्नी फर्न नावाचा नाजूक, जवळजवळ पारदर्शक पानांचा नेचा यात इतका लुटला गेला की अनेक जागांवरून नाहीसाच झाला. त्याचं नुकसान आजही भरून निघालेलं नाही.

हे वाचताना मला माझी रेनकोटची पिशवी आठवली. आम्ही चौघांनी वेगळं काय केलं होतं?

मुंबई इलाखा आणि बोस्टन

हिंदुस्थानात नेच्यांची नीट नोंद झाली ती याच काळात. मद्रासकडे वनखात्यात असलेले कर्नल बेडोम यांचं हिंदुस्थानातल्या नेच्यांवरचं हातपुस्तक १८८३ मध्ये आलं. आपल्या भागासाठी महत्त्वाचं पुस्तक म्हणजे १९२२ चं 'द फर्न्स ऑफ बॉम्बे'. लिहिणारे दोघे : सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे स्विस जेझुइट पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर, आणि जे. एफ. डिआल्मेडा. बॉम्बे म्हणजे तेव्हा अख्खा मुंबई इलाखा, नगर जिल्हा त्यातलाच. ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह त्या कॉलेजात आजही आहे.

आणि नर्सरीत मिळणारा झुपकेदार बोस्टन फर्न? तो नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटाचा एक प्रकार. मूळ जातीची पानं बऱ्यापैकी ताठ. १८९४ च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाहून बोस्टनकडे गेलेल्या रोपांमध्ये एक रोप वेगळं निघालं, पानं कमानीसारखी खाली झुकणारी. लोकांना ते आवडलं. गंमत म्हणजे या प्रकाराचे बीजाणू रुजत नाहीत. त्यामुळे मुळांपाशी फुटणाऱ्या धावत्या फांद्या वेगळ्या करूनच तो वाढवत आणला, आता ऊतिसंवर्धन करूनही वाढवतात. तुमच्या गॅलरीतला बोस्टन फर्न म्हणजे त्या जुन्या रोपाचाच तुकड्याचा तुकड्याचा तुकडा! त्यासाठी कुठल्याही जंगलाला हात लावावा लागला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा.

नगरच्या घरात कोण टिकेल?

आपला जिल्हा अजब आहे. पश्चिमेला घाटघर-रतनवाडीला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस, आणि नगर शहरात साधारण साडेपाचशे-सहाशे. एकाच जिल्ह्यात दोन देश! अकोल्याच्या डोंगरातला नेचा नगरच्या एप्रिलमध्ये आणणं म्हणजे मासा गच्चीवर ठेवणं. म्हणून जात ओळखून घ्या.

बोस्टन फर्न : नवशिक्यांसाठी चांगला. सकाळची कोवळी तिरीप चालेल, दुपारचं ऊन नको. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, पानांची टोकं करपतात.

हंसराज, म्हणजे मेडनहेअर, काळ्या चकचकीत देठांचा : सगळ्यात नखरेल. माती एकदा जरी खडखडीत वाळली तरी पानं कुरकुरीत होतात. तसं झालं तर फेकू नका. पानं कापा, माती ओलसर ठेवा, बऱ्याचदा नवीन फुटवा येतो. याचे भाऊबंद आपल्या जुन्या विहिरींच्या आतल्या भिंतींवर दिसतात. त्यावरूनच कळतं याला काय हवं ते : सावली, ओलावा, गारवा.

टेरिस व्हिटाटा : शिडीसारखी पानं. याला चुना आवडतो, म्हणून जुन्या चुन्याच्या भिंतींवर उगवतो. बोअरच्या जड पाण्यालाही फारसा कुरकुरत नाही. २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा जमिनीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो.

बर्ड्स नेस्ट : एकसंध, रुंद पानांचा, मधोमध घरट्यासारखा. माती भुसभुशीत लागते, पाणी साचलेलं चालत नाही.

आणि एक फसवणूक! 'ॲस्परॅगस फर्न' नावाने जे विकतात ते नेचा नाहीच. त्याला फुलं येतात, लाल फळं येतात. तो शतावरीचा भाऊबंद. उलट गोठ्याशेजारी ताडपत्रीच्या हौदात गायींसाठी वाढवतात तो ॲझोला, तो मात्र अस्सल नेचा आहे. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी दूधवाल्या शेतकऱ्यांनी नेचे पाळलेत, नर्सरीत पाऊलही न टाकता.

घरी बाटली लावून बघा

मित्राकडे हंसराज किंवा टेरिस असेल तर मागे पिकलेले तपकिरी ठिपके असलेलं एक पान मागा. कोऱ्या कागदाच्या पाकिटात दोन-तीन दिवस ठेवा, बारीक भुकटी पडेल. कोकोपीट उकळत्या पाण्यात भिजवून गार करा, पारदर्शक डब्यात भरा, वर भुकटी भुरभुरा आणि झाकण लावा. सावलीत, पण उजेडात ठेवा. काही आठवड्यांनी हिरवट थर येईल, मग बदामाच्या आकाराचे नखापेक्षा लहान पापुद्रे. त्यांवरून पहिलं इवलंसं पान यायला काही महिने जातात. धीर धरा. वॉर्ड डॉक्टरांचा प्रयोग तुमच्या श्रीखंडाच्या डब्यात होतोय!

शेवटचं, पण महत्त्वाचं

दर पावसाळ्यात भंडारदरा, सांदण, हरिश्चंद्रगडला गर्दी वाढतेय. परत येताना गाड्यांच्या डिकीत रोपं असतात, मी पाहिलीत. यातला बराचसा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथून परवानगीशिवाय झाड काढून आणणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. आणलेली रोपं नगरमध्ये, पुण्यामध्ये मरतात, आणि नाहीच मेली तर बाशिंगासारखी झोपलेली असताना कचऱ्यात जातात. 'एकाने काय होतं' असं त्या इंग्रज मंडळींनाही वाटायचं.

मागच्या जूनमध्ये मी परत रतनवाडीला गेलो. तेच झाड आहे की दुसरं, नक्की सांगता येणार नाही. पण एका हिरड्यावर बाशिंगाला नुकते कोंब फुटत होते, गुंडाळलेल्या मुठीसारखे. फोटो काढला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. खाली उतरल्यावर त्या आजोबांची चौकशी केली. ते राहिले नाहीत, असं कळलं. त्यांना सांगायचं होतं की आजोबा, तुम्ही म्हणालात ते नाव मला आता कळलंय.

तर या पावसाळ्यात डोंगरात गेलात तर नेच्याचा फोटो आणा, पानामागचा पण काढा. आणि गावातल्या कुणाला तरी त्याचं नाव विचारा. सांगतील ते लिहून घ्या, मला पाठवा. रोप मात्र नर्सरीतून घ्या, नाहीतर डब्यात वाढवा.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत फेब्रुवारीत वाळलेली कुंडी टाकायची घाई करू नका. जूनपर्यंत वाट बघा!