बावन्न पुऱ्यांचे शहर



छत्रपती संभाजीनगरला येणारा पाहुणा बहुधा बिबीचा मकबरा पाहतो, पाणचक्कीवर घटकाभर टेकतो आणि परतीची गाडी धरतो. शाळेची सहलही तशीच. पण हे शहर ओळखावयाचे तर त्याच्या पुऱ्यांतून पायी हिंडले पाहिजे. बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे अशी याची ख्याती. पुरा म्हणजे वस्ती.

मूळ गाव खडकी. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली येथे शहर वसविले. हा हबसाणातला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. जागा खडकाळ, पाण्यावाचून शहर नांदणार कसे? त्याने डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरींतून गावात आणले. मोट नाही, बैल नाही. केवळ उताराच्या जोरावर पाणी चाले. पुढे अशाच एका नहरीच्या पाण्याने पाणचक्कीचे जाते फिरले आणि फकिरांसाठी पीठ निघाले.

१६५३ साली औरंगजेबाने येथे ठाणे केले आणि गावाचे नाव औरंगाबाद झाले. मोगलांबरोबर राजपूत सरदार आले, आणि त्यांच्या नावांनी वस्त्या उठल्या. कर्णपुरा बिकानेरच्या कर्णसिंहाचा, पदमपुरा त्याच्या मुलाचा, भावसिंगपुरा बुंदीच्या भावसिंह हाडाचा. जयसिंगपुरा कोणाचा? १६६५ साली शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणाऱ्या मिर्झाराजे जयसिंगांचा! त्यांच्या छावण्या केव्हाच उठल्या, नावे मात्र राहिली. कर्णपुऱ्याच्या देवीची नवरात्रातली जत्रा तर खेड्यापाड्यांतील मंडळींच्या ओळखीची आहे.

बेगमपुऱ्यात मकबरा आहे. तो बांधणारे दोघे, अताउल्ला आणि हंसपतराय, यांची नावे दरवाजावर कोरलेली आहेत. राजाराणीची नावे सर्वांना पाठ असतात. कारागिरांची नावे मुलांना मुद्दाम दाखवावी लागतात.

आता चिंतेची गोष्ट. कित्येक दरवाजे पडले. नहरी जागोजाग फुटल्या, बुजल्या, काहींवर घरे उठली. २०२३ साली शहराचे नाव पुन्हा बदलले. पण कोणत्याही नावाच्या शहराला पाणी लागतेच, आणि आज ते दूर जायकवाडीहून वर चढवून आणावे लागते. जमिनीखालची नहर नजरेस पडत नाही, म्हणून ती मोडली तरी कोणाला हळहळ वाटत नाही.

तेव्हा गुरुजी, पुढच्या सहलीत एक पुरा पायी दाखवा. आणि आपल्या गावातील आळ्यांची, बारवांची नावे कोठून आली, हे मुलांना म्हाताऱ्या माणसांकडून विचारून घ्यावयास सांगा. सांगणारे आहेत तोवरच हे काम होईल.