क्रमांकाचा सैनिक आणि जॉन बोयेगा

नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या नव्या चित्रपटाची झलक आली. पांढऱ्या चिलखतातला घामाघूम काळा चेहरा दिसला आणि ओरड सुरू झाली, स्टॉर्मट्रूपर काळा कसा? (प्रकाशाच्या तलवारी चालतात, काळा सैनिक चालत नाही!) नायजेरियन आईबापांचा हा लंडनकर मुलगा, जॉन बोयेगा, ‘सवय करून घ्या’ एवढेच बोलला.

त्याचा फिन लहानपणीच घरापासून तोडलेला. त्याला नाव नाही, एफएन-२१८७ हा क्रमांक आहे. गावकऱ्यांवर गोळ्या झाडायला तो नकार देतो, पळतो, तेव्हा कुठे त्याला नाव मिळते. आमच्या मते त्या मालिकेतली सर्वांत राजकीय गोष्ट हीच. पुढच्या दोन भागांत तीच कडेला सारली. चीनमधल्या पोस्टरवर तर बोयेगाला पहिल्याच चित्रपटात बारीक करून टाकले होते.

जून २०२० मध्ये हाइड पार्कातल्या निदर्शनात तो करिअरची पर्वा न करता बोलला. सप्टेंबरात त्याने डिस्नीलाच सुनावले की काळ्या पात्राचा गाजावाजा करून मग त्याला बाजूला ढकलू नका. नुसता चेहरा दिसला म्हणजे प्रतिनिधित्व झाले, असे मानणाऱ्या आपल्यातल्यांनीही ती मुलाखत वाचावी. त्याच वर्षी ‘रेड, व्हाइट अँड ब्लू’मध्ये तो लंडन पोलिसांतल्या वर्णद्वेषाशी झुंजणारा लेरॉय लोगन झाला. २०२१ चा गोल्डन ग्लोब त्याला त्याच भूमिकेसाठी मिळाला.