दिव्यांग हक्क कायदे आणि त्यांची अंमलबजावणी (भारत)

दिव्यांग हक्क कायदे : शारीरिक, बौद्धिक, मानसिक किंवा ज्ञानेंद्रियांशी संबंधित दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींना शिक्षण, नोकरी, प्रवास, न्याय आणि सन्मान इतरांच्या बरोबरीने मिळावा यासाठी केलेले कायदे. भारतात ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ हा यांतला मुख्य कायदा. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम (१९९२), राष्ट्रीय न्यास अधिनियम (१९९९) आणि मानसिक आरोग्य सेवा अधिनियम (२०१७) हे त्याला पूरक आहेत. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के दिव्यांग नोंदले गेले. महाराष्ट्रातली संख्या २९ लाखांहून अधिक होती. दिव्यांगत्वाच्या प्रकारांची आजची कायदेशीर यादी त्या गणनेतल्या यादीपेक्षा बरीच लांब असल्याने हे आकडे अपुरे मानावे लागतात.

राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात भेदभावाला मनाई करताना धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांची नावे आहेत. दिव्यांगत्वाचे नाव नाही. एकेचाळिसाव्या अनुच्छेदात ते येते, पण तिथे सूर सरकारी मदतीचा आहे आणि तोही ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. शिवाय दिव्यांगांना साहाय्य हा विषय राज्यसूचीत मोडतो. केंद्राने या क्षेत्रात कायदा केला तो आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्याचा अधिकार देणाऱ्या २५३व्या अनुच्छेदाच्या आधारे. त्यामुळे कायदा दिल्लीत झाला तरी तो राबवायचा मुंबई, पणजी, पाटणा इथल्या मंत्रालयांनी आणि त्यांच्याखालच्या महापालिका, जिल्हा परिषदांनी. अंमलबजावणीतल्या बऱ्याच ढिलाईचे मूळ या रचनेत आहे.

पहिला व्यापक कायदा १९९५चा. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी तो लागू झाला. त्यात ७ प्रकारची दिव्यांगता आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण होते. पण आरक्षणाचे गणित सरकारी खाती आपल्या सोयीने मांडत राहिली. दिव्यांगांसाठी ‘सुयोग्य’ ठरवलेली मोजकी पदे बाजूला काढायची आणि तेवढ्यांवरच ३ टक्के लावायचे, अशी रीत पडली आणि अनुशेष साचत गेला. राष्ट्रीय अंध महासंघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सांगितले की टक्केवारी संवर्गातल्या एकूण रिक्त पदांवर काढली पाहिजे. कायदा येऊन तोवर सतरा वर्षे उलटली होती. त्या काळात वयोमर्यादा ओलांडलेल्या उमेदवारांना हा निकाल काय देणार होता?

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्याच्याशी सुसंगत नवा कायदा संसदेत मंजूर व्हायला डिसेंबर २०१६ उजाडले. १९ एप्रिल २०१७पासून तो लागू आहे. यादी ७वरून २१वर गेली. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, अ‍ॅसिड हल्ल्यामुळे आलेले दिव्यांगत्व, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचा तिच्यात समावेश झाला. नोकऱ्यांतले आरक्षण ४ टक्के, उच्च शिक्षणातले ५ टक्के झाले. किमान ४० टक्के म्हणजे ‘लक्षणीय’ दिव्यांगत्व असलेल्यांना ते मिळते.

या यादीतही एक भेग आहे आणि ती महाराष्ट्राला थेट भिडते. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. पुरेशा टक्केवारीचे प्रमाणपत्र असेल तर अशा विद्यार्थ्याला कॉलेजात राखीव जागा मिळू शकते. शिक्षण संपवून तो सरकारी नोकरीसाठी अर्ज करतो तेव्हा मात्र कलम ३४ मधल्या आरक्षणाच्या गटांत रक्ताचे विकार नाहीत, असे त्याला कळते. सांधे ठणकत असताना, वारंवार दवाखान्याची पायरी चढत पदवी मिळवणाऱ्या मुलाला कायद्याने नोकरीच्या दारात थांबवावे, याचे कोणतेही पटणारे कारण दिसत नाही.

२०१६च्या कायद्याचा खरा कस लागतो तो दाद मागताना. केंद्रात मुख्य आयुक्त आणि राज्यात राज्य आयुक्त तक्रारी ऐकतात, चौकशी करतात, साक्षीदारांना बोलावू शकतात. शेवटी त्यांनी द्यायची असते ती शिफारस. संबंधित खात्याने तीन महिन्यांत काय केले ते कळवावे आणि शिफारस मान्य नसेल तर कारणे द्यावीत, इतकेच बंधन. शिक्षेची तरतूदही बेताची आहे : कायद्याच्या पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत दंड, पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख. जुलै २०२० मध्ये, देश कोविडशी झुंजत असताना, केंद्र सरकारने यातल्या काही गुन्ह्यांची धार आणखी बोथट करण्याचा प्रस्ताव मांडला. दिव्यांग संघटनांनी एकजुटीने विरोध केल्यावर तो मागे घेतला गेला.

आयुक्तांकडून समाधान झाले नाही की उरते न्यायालय. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या क्षेत्रातली जवळपास प्रत्येक मोठी सुधारणा कुणा एका व्यक्तीने वर्षानुवर्षे लढून मिळवलेली आहे. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्यातल्या परिषदेला निघाल्या होत्या. विमानात जागेवर बसल्यानंतर स्पाइसजेटच्या कर्मचाऱ्यांनी त्यांना खाली उतरवले. मुंबईची ‘अडॅप्ट’ ही संस्था खटल्यात त्यांच्यासोबत होती. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, हा २०२१चा निकाल हाताला पेटके येणाऱ्या विकास कुमार या उमेदवाराने लोकसेवा आयोगाविरुद्ध मिळवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या खटल्याने वैद्यकीय प्रवेशाचा मार्ग रुंद केला : वाचा-भाषेचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून जास्त आहे एवढ्यावरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही, तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, हे दिव्यांगत्व मूल्यांकन मंडळाने तपासावे. मार्च २०२५ मध्ये अंध उमेदवारांसाठी न्यायाधीशपदाची दारे उघडली.

सुगम्यतेची कहाणी सर्वांत लांबलेली आहे. सार्वजनिक इमारतींसाठी नियम आल्यापासून ५ वर्षांची मुदत होती. ती जून २०२२ मध्ये संपली. आजही अनेक तहसील कचेऱ्यांत रॅम्प आहे, पण त्याची चढण अशी की व्हीलचेअर ढकलायला दोन माणसे लागावीत. लिफ्टमध्ये ब्रेल नसते, दिव्यांगांच्या स्वच्छतागृहात जुन्या फायली रचलेल्या असतात. दृष्टिबाधित कार्यकर्ते राजीव रतुरी २००५ साली याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने दुखण्याच्या मुळाशी हात घातला. कायद्याच्या कलम ४० नुसार सुगम्यतेचे निकष बंधनकारक असायला हवेत, पण नियम १५ ने त्यांना केवळ मार्गदर्शक सूचनांच्या पातळीवर आणून ठेवले होते. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान निकष तीन महिन्यांत तयार करायला सांगितले. म्हणजे सात वर्षे सरकारी यंत्रणेला निकष न पाळण्याची मुभा खुद्द नियमांनीच दिली होती.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, हीही राज्याची स्वागतार्ह तरतूद. हा निधी वेळेत मिळावा म्हणून गावोगावी आंदोलने करावी लागतात, हे तितकेच खरे. मुंबईत शिवाजी पार्क परिसरातल्या पदपथांवर वाहने चढू नयेत म्हणून खांब रोवले गेले आणि त्यांच्यामधून व्हीलचेअर जाईना. तिथल्या एका दिव्यांग रहिवाशाच्या ई-मेलवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. सुनावणीत उघड झाले की कायद्याने सक्तीचे असलेले राज्य सल्लागार मंडळ २०२०पासून ठप्प होते. पदपथाचा आराखडा ज्यांना दाखवायला हवा, त्यांची बसायची जागाच रिकामी होती.

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. ५ टक्के दिव्यांग कर्मचारी नेमणाऱ्यांना सरकारने प्रोत्साहन द्यावे, इतकेच कायदा म्हणतो. भेदभाव न करण्याचे बंधन मात्र खासगी आस्थापनांवरही आहे आणि ते फारच कमी नोकरदारांना ठाऊक असते.

महाराष्ट्रात तक्रार पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. न्यायालयात जायची वेळ आली, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा.