ढोलकीची लय आणि रिमिक्सचा ठोका

ध्वनिमुद्रित गाण्यातील गायन, ताल आणि वाद्ये यांचे स्वतंत्र ट्रॅक सुटे करून त्यांची नव्याने जुळणी करणे, हा रिमिक्सचा मूळ अर्थ. जमैकातील किंग टबी आणि न्यूयॉर्कचे टॉम मोल्टन यांनी ही कला स्टुडिओत रुजवली. आपल्याकडे २००२ च्या 'कांटा लगा'नंतर हा शब्द घराघरांत पोहोचला. मात्र जुन्या गाण्याला नवा ठेका जोडला की झाले रिमिक्स, हा समजही त्याबरोबरच आला.

या समजाची खरी परीक्षा होते ती लावणीत. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) यांचे हे गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि जुन्नर-आंबेगावसह दूरदूरच्या गावांचे कारभारी यात्रेसाठी सुपारी ठरवायला येतात. या फडांवर ढोलकीवाला घड्याळाकडे नव्हे, तर नाचणारीच्या पावलांकडे बघून वाजवतो. अंतरा संपता संपता लय चढते, मुखड्यावर क्षणभर रेंगाळते. मागे सुरत्ये झील धरतात. खेळ चालू असताना केलेल्या जुन्या मुद्रणांत हे सारे एकाच पट्टीवर उतरलेले असते. सुटे करायला ट्रॅकच नसतात.

मग स्टुडिओत सोपा मार्ग निवडला जातो. संगणकाचा ठोका पक्का करून आवाज त्यावर ताणूनताणून बसवायचा. तुणतुणे आणि झांज बासच्या धक्क्याखाली बुडतात आणि लावणीतली ती चढण सपाट होते. वास्तविक, ढोलकीच्या चढउतारांप्रमाणे संगणकाचा ठोका वाकवता येतो. वेळखाऊ काम आहे एवढेच! मिसळलेल्या मुद्रणातून आवाज वेगळा काढणेही आता शक्य झाले आहे. २०२३ मध्ये बीटल्सच्या 'नाऊ अँड देन'साठी जॉन लेनन यांचा आवाज जुन्या कॅसेटवरून असाच सोडवण्यात आला.

प्रश्न उरतो तो हक्काचा. गाणे नव्याने गाऊन काढायच्या आवृत्तीसाठी २०१२ च्या दुरुस्तीने पाच वर्षांची मुदत घातली. मूळ मुद्रणच वापरायचे तर त्याच्या मालकाची परवानगी लागते. कलावंताचा स्वतंत्र हक्क भारतीय कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. त्यापूर्वी कॅसेटसाठी गायलेल्या लावणीचा तुकडा आज कुणी रिमिक्समध्ये घेतला, तर विचारले जाते ते कंपनीला, गाणारीला नव्हे.