तेवीस वर्षांनी मिळालेला करंडक

इंदूरच्या क्रिकेटला होळकर संघाच्या पराक्रमाचा वारसा आहे. सी. के. नायडू, मुश्ताक अली यांच्यासारख्या खेळाडूंच्या या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. अखेरचा १९५२-५३ मध्ये. पुढे होळकर संघ इतिहासजमा झाला आणि मध्य प्रदेशाला करंडकाने दीर्घकाळ हुलकावणी दिली. ही प्रतीक्षा संपविण्यात मोठा वाटा असलेले चंद्रकांत पंडित मूळचे मुंबईकर होत.

१९६१ साली जन्मलेले पंडित रमाकांत आचरेकर यांच्या तालमीत घडले. १९८६ ते १९९२ या काळात ते भारतातर्फे ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. यष्टिरक्षक असूनही लीड्स येथील पहिल्या कसोटीत त्यांना केवळ फलंदाज म्हणून स्थान मिळाले. यष्टींमागे किरण मोरे होते. कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते मध्य प्रदेशाकडून खेळू लागले.

एप्रिल १९९९ मध्ये बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर ते रणजी अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. कर्नाटकविरुद्ध पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळाली होती. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक त्यांचाच होता. परंतु दुसरा डाव १५० धावांत आटोपला आणि संघ ९६ धावांनी हरला. विजय भारद्वाजने अवघ्या २४ धावांत सहा बळी टिपले.

निवृत्तीनंतर पंडितांनी प्रशिक्षणाचा मार्ग धरला. शिस्तीच्या बाबतीत ते तडजोड करीत नसत. मुंबईला त्यांच्या मार्गदर्शनाखाली तीन वेळा रणजी विजेतेपद मिळाले. २०१७-१८ मध्ये विदर्भाने इंदूरच्याच होळकर मैदानावर दिल्लीला नमवून पहिला करंडक जिंकला आणि पुढील वर्षी तो राखला.

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले. जून २०२२ मध्ये त्यांचा संघ पुन्हा चिन्नास्वामी मैदानावर अंतिम सामन्यासाठी उतरला; समोर मुंबई होती. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या शतकांच्या जोरावर मध्य प्रदेशाने ५३६ धावा उभारल्या व सहा गडी राखून सामना जिंकला. मध्य प्रदेशाचा हा पहिला रणजी करंडक. विजयानंतर पंडितांना अश्रू आवरले नाहीत.

कर्णधार म्हणून जे हातून निसटले, ते त्यांनी गुरू म्हणून मिळविले. स्वतःच्या पराजयातून शिकलेले पुढच्या पिढीच्या ओंजळीत घालणे, हेच शिक्षकाचे खरे संचित होय.