लाखेच्या तबकड्यांचा नाद



मराठींत ‘नाद’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि ते दोन्ही आजच्या विषयाला लागू पडतात. संगीतशास्त्रकार ज्याला नाद म्हणतात तो एक. आणि ‘अमक्याला पत्त्यांचा नाद लागला’ असें घरांतील वडील माणसें कपाळाला आठ्या घालून म्हणतात, तो दुसरा. शास्त्रीय गाण्याच्या ध्वनिमुद्रिका विकत घेण्याचा आणि सांठविण्याचा जो छंद गेल्या सव्वाशें वर्षांत आपल्या सुशिक्षित घरांत शिरला, त्यांत हे दोन्ही नाद एकत्र आले आहेत. पगाराच्या दिवशीं घरीं येतांना कागदांत गुंडाळलेली तबकडी कोटाच्या आड धरून आणणारा गृहस्थ आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल, निदान त्याच्याविषयीं ऐकलें तरी असेल. त्याला घरच्यांनीं वेडा म्हटलें, शेजाऱ्यांनीं उधळ्या म्हटलें. इतिहासानें त्याला काय म्हणावें, हें आज पाहूं.

मी गोंदिया जिल्ह्यांतला, तेव्हां आरंभ घराजवळूनच करतों. आमच्या झाडीपट्टींत पळस आणि कुसुम हीं झाडें विपुल आहेत. त्यांच्या कोंवळ्या फांद्यांवर एक अगदीं बारीक किडा वस्ती करतो, झाडाचा रस शोषतो, आणि आपल्या अंगाभोंवतीं राळेसारखें कवच तयार करतो. तीच लाख. फांद्यांवरून खरवडलेली ही लाख धुवून, वितळवून, गाळून तिचा चपडा करण्याच्या धंद्याचें गोंदिया हें एक नांवाजलेलें ठाणें. दुर्योधनानें पांडवांसाठीं लाक्षागृह बांधविलें तेव्हांपासून लाख आपणांस ठाऊक आहे. बांगड्यांना, खेळण्यांना, पाकिटावरच्या मोहरेला ती लागते. परंतु ज्या जुन्या काळ्या तबकडींतून खांसाहेबांचा सूर निघतो ती तबकडीहि लाखेचीच, हें वर्गांत विचारलें असतां एखाद्याच मुलाला सांगतां येई. दगडाची बारीक भुकटी, काजळी, थोडे कापसाचे तंतू, आणि हें सारें बांधून धरणारा चपडा, असा त्या तबकडीचा घाट असतो.

१९०२ मध्यें लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैस्बर्ग नांवाचा तज्ज्ञ कलकत्त्यास आला आणि कांहीं आठवड्यांत त्यानें पांचशेंहून अधिक मुद्रणें केलीं. गौहरजान त्यांत होती. गाणें संपतांच ती इंग्रजींत आपलें नांव ठणकावून सांगे. लोकांस हा तिचा तोरा वाटला. पण मुद्रणें जर्मनींत हॅनोव्हर येथें छापावयास जात आणि तेथील कारागिरांना कोणतें गाणें कोणाचें हें कळावें, म्हणून ही सोय होती असें सांगतात. पुढें १९०८ मध्यें कलकत्त्यासच सियालदह येथें कारखाना निघाला. लाखेची मोठी बाजारपेठहि कलकत्ताच. बंगाल-नागपूर रेल्वेचा मुंबईकडे येणारा रस्ता आमच्या गोंदियावरून गेलेला आहे. रानांतला माल पूर्वेकडे आणि छापलेलें गाणें पश्चिमेकडे, असा तो व्यवहार झाला.

तत्पूर्वीं गाणें विकत मिळत नसे. तें सेवेनें मिळे. उस्तादाच्या घरीं पाणी भरावें, चिलीम भरावी, आणि वर्षां-दोन वर्षांनीं त्यांची मर्जी झाली तर एक चीज पदरांत पडावी. घराण्याची चीज परक्याच्या कानीं पडूं नये म्हणून उस्ताद अस्ताई स्पष्ट म्हणत आणि अंतरा गुळमुळीत करीत, अशा कथा प्रसिद्ध आहेत. या कोंडीशीं ज्यांनीं जन्मभर झुंज घेतली ते पंडित विष्णु नारायण भातखंडे हे माझ्या मतें आपल्याकडील पहिले मोठे संग्राहक होत. पेशानें वकील, पण वेड चिजांचें. १९०४ मध्यें ते दक्षिणेंत हिंडले, पुढें उत्तरेंतील संस्थानें धुंडाळलीं. जयपूरच्या महंमद अली खां कोठीवाल यांच्या मुलांकडून मिळालेल्या चिजा त्यांनीं फोनोग्राफच्या नळ्यांवर उतरवून घेतल्या. त्यांच्या क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत हजारांहून अधिक चिजा छापल्या गेल्या. हें एक व्यसनच होतें; पण हातीं आलेलें त्यांनीं पेटींत न ठेवतां छापून लोकांच्या हवालीं केलें. हा भेद पुढें उपयोगी पडणार आहे, म्हणून येथें नोंदून ठेवतों.

आतां तबकडीचें व्यसन जडतें कसें तें पाहा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस गाणें मावे तीन मिनिटें, बारा इंचीवर चारांच्या थोडें पुढें. ज्या मालकंसाला मैफलींत तासभर लागे त्याचा अर्क तीन मिनिटांत. तहान भागण्याऐवजीं वाढावी अशीच ही योजना! एक ऐकली कीं दुसरी हवीशी वाटे. त्यांत कंपनीचा हिशेब निराळा. नाटकाचीं पदें आणि मागाहून सिनेमाचीं गाणीं हजारोंनीं खपत. ख्यालाच्या तबकडीचें गिऱ्हाईक थोडें. खप थांबला कीं ती यादींतून गळे, मग मागवूनहि येत नसे. आज घेतली नाहीं तर जन्मांत मिळणार नाहीं, ही भीति संग्राहकाच्या मनांत एकदां शिरली म्हणजे वाणसामानाची चिठ्ठी खिशांत तशीच राहते.

आणखी एक गोष्ट आहे. ग्रामोफोनची पोलादी सुई एका बाजूला एक, अशी बदलावी लागे. न बदलली तर ती तबकडीची चर खरवडून काढी. बदलली तरी प्रत्येक वाजवण्यानें चर थोडी झिजेच. म्हणजे ऐकावें तर गाणें झिजतें, आणि न ऐकावें तर घेतली कशाला? यावर अट्टल संग्राहकाचें उत्तर ठरलेलें असे. तो एक प्रत ऐकावयास आणि दुसरी ठेवावयास घेई. तिसरी स्वस्त मिळाली म्हणून घेई. दहा इंची तबकडी वजनानें सुमारें दोनशें ग्रॅम. शंभर झाल्या कीं वीस किलो. अशा पांचशें तबकड्या ज्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत राहिल्या, तेथील गृहिणीनें आपलें धान्य, आंथरूण आणि मुलांचीं पुस्तकें कोठें ठेवलीं असतील, याची नोंद कोणत्याहि संगीताच्या इतिहासांत केलेली माझ्या वाचनांत नाहीं.

या नादाची कुरूप बाजू मला झांकावयाची नाहीं. दुर्मिळ तबकडी हातीं आली कीं पुष्कळांची वृत्ति पालटे. कपाटाला कुलूप लागे. पाहुण्याला लेबल दाखवावें, पण सुई लावूं नये. कोणा अभ्यासकानें विचारलें तर आपल्याजवळ नाहीं म्हणून सांगावें. उस्तादांनीं चीज लपविली म्हणून त्यांना नांवें ठेवणारा हा सुशिक्षित गृहस्थ स्वतः तबकडी लपवूं लागला, आणि त्याच्यापाशीं उस्तादाप्रमाणें पोटाची सबब देखील नव्हती.

असें असूनहि ही कपाटें नसतीं तर आपल्या हातीं काय राहिलें असतें? व्हिएन्ना येथें १८९९ मध्यें आणि बर्लिन येथें १९०० मध्यें विद्वानांनीं ध्वनिसंग्रह स्थापन केले. पॅरिसच्या ऑपेरागृहांत १९०७ मध्यें चोवीस तबकड्या बंद कलशांत घालून शंभर वर्षांसाठीं तळघरांत ठेवल्या गेल्या. आपल्याकडे शास्त्रीय गाण्यासाठीं त्या काळीं असें कोणी केलें नाहीं. कंपनीच्या लेखीं तो माल होता. लाखेला भाव आला तेव्हां तर जुनी तबकडी हा कच्चा माल ठरला. १९४२ मध्यें दारूगोळ्याच्या कामीं लाख हवी म्हणून अमेरिकेच्या सरकारनें तबकड्यांसाठीं ती वापरण्यावर कडक निर्बंध घातले, आणि तेथें घरोघरच्या जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, नव्या ओतल्या गेल्या. किती गळे त्या जात्यांत गेले असतील!

हद्दू खांचे चिरंजीव भूगंधर्व रहिमत खां १९२२ मध्यें कुरुंदवाडास वारले. त्यांच्या कांहीं थोड्या तबकड्या निघाल्या, त्याहि उतारवयांत. ग्वाल्हेरची ती जुनी तान प्रत्यक्ष ऐकावयाची तर तेवढाच आधार आहे, आणि तो घरगुती संग्रहांतून टिकला. खांसाहेब अब्दुल करीम खां १९३७ मध्यें गेले. त्यापूर्वीं दोन-तीन वर्षांत ओडियन कंपनीनें काढलेल्या त्यांच्या तबकड्यांवर किराण्याच्या नंतरच्या कितीतरी गवयांचे कान तयार झाले. उलट भास्करबुवा बखले. त्यांचा आवाज मुद्रित झालाच नाहीं; ‘स्वयंवरा’तील पदांच्या चाली बालगंधर्वांच्या तबकड्यांतून ऐकाव्या आणि त्यांवरून बुवांचें अनुमान करावें. अल्लादिया खांसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, मुंबईंत ध्वनिमुद्रणाची सोय होती, तरी ते तबकडीसाठीं गायिले नाहींत. त्यांची गायकी शिष्यांच्या मुखानेंच काय ती आपल्याला ऐकूं येते.

त्या शिष्यांत केसरबाई केरकर अग्रगण्य. त्यांची एक हकीकत येथें सांगितलीच पाहिजे. १९७७ मध्यें अमेरिकेनें ‘व्हॉयेजर’ नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं आणि प्रत्येकावर पृथ्वीवरील निवडक ध्वनींची सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसविली. भारताचें एकच गाणें घेतलें गेलें, केसरबाईंची भैरवी ‘जात कहां हो’, अवघीं साडेतीन मिनिटें. रॉबर्ट ब्राउन या संगीतपंडितानें ती सुचविली. पण मूळ ध्वनिमुद्रिका बाजारांत मिळेना. शोध घेतां घेतां न्यूयॉर्कमध्यें एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत, टेबलाखालीं पडलेल्या खोक्यांत तिच्या तीन न उघडलेल्या प्रती सांपडल्या. दुसरें यान ५ सप्टेंबरला सुटलें आणि १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईंत वारल्या. कोणी तरी तें खोकें अडगळ म्हणून फेंकून दिलें नाहीं, एवढ्यावर ही निवड तरली.

संग्राहकांनीं कुलुपें काढलीं तीहि हकीकत मुंबईचीच आहे. १९९० मध्यें नारायण मुलानी यांच्या पुढाकारानें ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था तेथें निघाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञ डॉ. सुरेश चांदवणकर यांनीं तिचें चिटणीसपद सांभाळलें, आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हें नियतकालिक १९९१ पासून सुरू झालें. चोरबाजारांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारांत धूळ झटकीत बसणारीं माणसें महिन्यामहिन्यानें एकत्र जमूं लागलीं, एकमेकांच्या तबकड्या ऐकूं लागलीं, आणि मुख्य म्हणजे याद्या करूं लागलीं. लेबलाशेजारीं कोरलेल्या बारीक आंकड्यावरून मुद्रण केव्हांचें हें ताडतां येतें. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनीं अशाच आंकड्यांवरून ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ पर्यंतच्या भारतीय मुद्रणांची सूची १९९४ मध्यें प्रसिद्ध केली. नादी माणसाचा हा हिशेबीपणा मला भातखंड्यांच्या वंशांतला वाटतो.

पुढें टेप आली, कॅसेट आली, आणि मैफली चोरून मुद्रित करण्याचें निराळेंच व्यसन निघालें. त्याची कथा मोठी आहे, ती आज नको. आतां तर भ्रमणध्वनीवर हवें तें गाणें फुकट ऐकूं येतें. मात्र तेथें पुष्कळदां गवयाचें नांव चुकीचें असतें, सन तर नसतोच. आणि तें गाणें तेथें चढलें तेंहि कोणा तरी नादी माणसाच्या कपाटांतूनच.

तीं कपाटें आतां निराधार होत चाललीं आहेत. मालक जातो, मुलें परगांवीं असतात, आणि तबकड्या रद्दीबरोबर जातात किंवा माळ्यावर चढतात. आमच्या विदर्भांत मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखालीं तर बोलावयासच नको. लाख उष्णतेनें मऊ होते आणि आडव्या रचलेल्या तबकड्या एकमेकींच्या भारानें वांकतात. ज्यांच्या घरीं असा ठेवा असेल त्यांनीं तो आधीं खालीं आणावा, तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या लावाव्या आणि कोरड्या मऊ फडक्यानें पुसाव्या. स्पिरिट कदापि लावूं नये. लांकडाला पॉलिश करणारे कारागीर चपडा स्पिरिटांतच विरघळवितात, म्हणजे पुसतां पुसतां गाणेंच पुसलें जाईल. मग एक वही घ्यावी आणि तींत चार रकाने आंखावे : गाणाराचें नांव, राग किंवा पद, लेबलावरचा क्रमांक, आणि लेबलाशेजारीं कोरलेला तो बारीक आंकडा. शेवटचा आंकडा वाचावयास भिंग लागतें आणि तबकडी उजेडाकडे तिरपी धरावी लागते.